सात गावांचे प्रजासत्ताक आणि मुळशीचे पाणी

चातुर्मास सुरू झाला की आमच्या घरात प्रवास मिटतो. त्यामुळे दरवर्षी ज्येष्ठात, पहिला पाऊस पडून गेला आणि वाटा अजून वाहून गेल्या नाहीत अशा आठ-दहा दिवसांत, आम्ही एखादी छोटी सहल उरकून घेतो. या वर्षी सहलीला एक निमित्तही होते. मुळशीच्या जलाशयाच्या बाजूला एक बिगरशेती तुकडा विकाऊ असल्याचे एका दलालाने मुलाच्या कानावर घातले होते. पुण्यातील आपल्या अनेक व्यापारी कुटुंबांनी त्या बाजूला छोटी घरे बांधली आहेत. आपलेही असावे, सुट्टीत चार दिवस मोकळी हवा मिळावी, असे सुनेच्या आणि मुलाच्या मनात होते. खिशात विसाराचा धनादेश आणि डब्यात खाखरे-ठेपले घेऊन आम्ही पाच जण सकाळी निघालो. मागच्या सीटवर अकरावीतला नातू होता, आणि त्याच्या मांडीवर एक जाड वही.

ती वही म्हणजे एक देश आहे. हे मला त्या दिवशी कळले.

चांदणी चौक मागे टाकून भूगाव, पिरंगुट ओलांडले की शहराची दाटी हळूहळू विरळ होते. गोदामे, कारखाने, मंगल कार्यालये यांच्या फटींतून एकाएकी डोंगर दिसू लागतात. पौड हे तालुक्याचे ठिकाण. तिथून पुढे रस्ता वळणे घेऊ लागतो आणि दोन्ही बाजूंना भाताची खाचरे लागतात. पेरणी नुकतीच झालेली, रोपांची हिरवी लव ओल्या मातीवर जेमतेम दिसणारी. मी काच खाली केली. या मातीशी माझी जुनी ओळख आहे, पण ती पोत्यातून झालेली.

आमचे भवानी पेठेत भुसाराचे दुकान. वडिलांच्या काळात मावळ-मुळशीचा आंबेमोहोर आला की ते पोते फोडायच्या आधीच ओळखायचे. मूठभर तांदूळ तळहातावर चोळायचा, नाकाशी न्यायचा, आणि आंब्याच्या मोहोराचा तो मंद वास आला तरच भाव बोलायचा. दाणा आखूड, शिजल्यावर मऊ, पेजेला आणि वरणभाताला त्याच्यासारखा दुसरा नाही. पुढे अधिक उतारा देणारी वाणे आली आणि खरा आंबेमोहोर दुर्मीळ झाला. अलीकडे त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण ज्या खोऱ्यात तो सर्वांत चांगला पिकत असे, त्याचा मोठा भाग आज पाण्याखाली आहे, हे दुकानात येणाऱ्या कुणालाच ठाऊक नसते. मलाही वडिलांनी सांगितले म्हणूनच ठाऊक.

पौडच्या पुढे माझ्या पत्नीने नातवाला विचारले, "सकाळपासून काय लिहितोयस एवढं?"

"देश लिहितोय, दादी," तो म्हणाला.

मग त्याने सांगितले ते असे. त्याला अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात जयंत नारळीकरांची एक कथा होती. मूळ मराठी 'गंगाधरपंतांचे पानिपत'. इतिहासाचे एक प्राध्यापक अशा जगात जाऊन पोहोचतात, जिथे पानिपतची तिसरी लढाई मराठ्यांनी जिंकलेली असते. ती वाचल्यापासून याला वेड लागले की इतिहासातले एक पाऊल वेगळे पडले असते तर पुढची वाट कुठे गेली असती, ते शोधायचे. पण पानिपत नारळीकरांनी घेऊन टाकले होते. म्हणून त्याने जगाच्या दुसऱ्या टोकाला, दक्षिण अमेरिकेत, आपले पाऊल शोधले.

"तिकडे युरुग्वे नावाची नदी आहे," तो म्हणाला. "तिच्या पूर्वेला ग्वारानी नावाच्या लोकांची सात गावं होती. ख्रिस्ती पाद्र्यांच्या देखरेखीखाली वसवलेली, पण शेती त्यांची, गुरं त्यांची, घरं त्यांची. सन १७५० मध्ये माद्रिद शहरात स्पेन आणि पोर्तुगाल यांच्या राजांनी एक तह केला. स्पेनने ती सात गावं पोर्तुगालला दिली आणि बदल्यात दुसऱ्या टोकाचं एक बंदर घेतलं. गावकऱ्यांना हुकूम झाला की सामान, गुरं घ्या आणि नदीच्या पलीकडे निघून जा. तीस हजारांच्या आसपास माणसं होती, दादाजी. त्यांनी त्या राजांना कधी पाहिलंही नव्हतं."

"मग गेली?"

"नाही म्हणाली. दोन वर्षं लढली. त्यांचा सेपे तियाराजू नावाचा एक पुढारी होता, तो फेब्रुवारी १७५६ मध्ये मारला गेला आणि तीन दिवसांनी एका टेकडीवर दीड हजारांहून जास्त ग्वारानी मेले. गंमत पुढे आहे. ज्या तहासाठी हे सगळं झालं, तो तह पाच वर्षांनी, १७६१ मध्ये, दोन्ही राजांनी रद्द करून टाकला. म्हणजे इकडे जानेवारीत पानिपत झालं आणि तिकडे फेब्रुवारीत तो कागद रद्द झाला. माणसं मात्र परत आली नाहीत."

त्याच्या वहीत इथूनच वाट फुटत होती. त्याच्या इतिहासात ग्वारानी ती लढाई हरत नाहीत. ते सात गावांचे प्रजासत्ताक स्थापन करतात. पहिल्या पानावर नकाशा, दुसऱ्यावर ध्वज, पुढे राज्यघटना. तिचे पहिले कलम असे की, या देशातील कोणत्याही गावाला त्याच्या संमतीवाचून हलवता येणार नाही. मग नाणी, टपाल, रेल्वे, आयात-निर्यातीचे तक्ते. मका आणि भुईमूग ही मुख्य पिके. भुईमूग मुळात दक्षिण अमेरिकेतलाच, हे मी त्याला कधीतरी दुकानात सांगितले होते; ते त्याने लक्षात ठेवलेले पाहून बरे वाटले. पत्नीने विचारले, "आणि तुझ्या देशात लोक जेवतात काय?" तो जरा अडखळला, कारण ते लोक गुरे पाळत ते केवळ दुधासाठी नव्हे. "दादी, ते प्रकरण अजून लिहिलेलं नाही," असे म्हणून त्याने पान उलटले. गाडीत हशा पिकला.

एवढ्यात झाडी बाजूला झाली आणि डावीकडे पाणी दिसले.

मुळशीचा जलाशय पहिल्यांदा पाहणारा माणूस बोलायचा थांबतो. डोंगरांच्या बोटांमधून शिरलेले ते पाणी दूरवर पसरलेले. मध्येच एखादी टेकडी बेट होऊन उभी. पलीकडे ताम्हिणीच्या दिशेने ढग खाली उतरत असलेले. पाऊस अजून नीट सुरू झाला नसल्याने पाणी बरेच आटले होते आणि काठाला लाल मातीचा रुंद पट्टा उघडा पडला होता. धरणाच्या भिंतीजवळ कुणाला जाऊ देत नाहीत. रस्त्याच्या कडेला गाडी लावून आम्ही उतरलो. मुलाने फोटो काढले. सून म्हणाली, "स्वित्झर्लंडला कशाला जायचं?" मुळशी तालुक्याने हा मोह ओळखला आहे. याच तालुक्यात, मोसे खोऱ्यात, लवासा नावाचे एक शहर इटलीतील पोर्तोफिनो गावाच्या धर्तीवर रंगीत घरे बांधून उभे करण्यात आले. २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने त्याचे काम थांबवले, आणि २०१८ मध्ये कंपनीचे प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेले. डोंगरावर दुसऱ्याच देशाचे चित्र ठेवून पाहण्याचा हा छंद केवळ अकरावीतल्या मुलांना असतो असे नाही.

नातवाने कठड्यावर वही उघडली. "दादाजी, हे बघा, माझ्याही देशात धरण आहे. १९७५ सालचं."

त्याने ते इताइपू धरणावरून बेतले होते. पाराना नदीवर ब्राझील आणि पाराग्वे या देशांनी १९७३ च्या करारानुसार बांधलेले ते जगातील थोर धरणांपैकी एक; १४ हजार मेगावॉट क्षमतेचे. १९८२ च्या ऑक्टोबरात त्याचा जलाशय भरू लागला, तेव्हा ग्वाइरा नावाचा एक विराट धबधबा काही दिवसांतच कायमचा बुडाला. नातवाच्या तक्त्यात धरणाची उंची, विजेचे उत्पादन, देशाला मिळणारे परकीय चलन, कर्जाचे हप्ते, सारे रकाने नीट भरलेले होते. व्यापाऱ्याच्या घरातले पोर. जमा आणि नावे दोन्ही बाजू जुळवलेल्या होत्या.

मी सवयीने हिशेब वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारले, "या पाण्याखाली किती गावं गेली?"

त्याने पुन्हा पान पाहिले. मग नकाशा पाहिला. "लिहिलं नाही," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "पहिल्या कलमाचं काय करायचं, तेही लक्षात आलं नाही."

मग मी त्याला समोरच्या पाण्याकडे बोट करून या खोऱ्याची गोष्ट सांगितली. ती मी माझ्या वडिलांकडून तुकड्यातुकड्याने ऐकली होती आणि पुढे वाचून जोडून घेतली होती.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत. सह्याद्रीचा पाऊस अडवून, तो कोकणाच्या बाजूला कड्याखाली सोडून वीज करायची ही टाटांची योजना. १९१५ मध्ये खोपोलीचे केंद्र सुरू झाले, १९२२ मध्ये भिवपुरीचे. तिसरी योजना निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमावरची, म्हणजे इथली. तिच्यासाठी पन्नासच्या आसपास गावांची जमीन लागणार होती आणि सुमारे अकरा हजार माणसांना उठावे लागणार होते. तेव्हा १८९४ चा भूसंपादन कायदा लागू होता. त्या कायद्याने सरकार कंपनीसाठीही जमीन घेऊ शकत असे. शेतकऱ्याला किमतीबद्दल तक्रार करता येई. द्यायची की नाही, हा प्रश्न त्याला विचारलाच जात नसे.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, या खोऱ्यातील मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. बाया होत्या, पोरे होती. मारहाण झाली तरी उठले नाहीत. पुढाऱ्यांत पांडुरंग महादेव बापट होते. पारनेरचा हा हुशार विद्यार्थी शिष्यवृत्तीवर एडिंबरोला शिकायला गेला होता; पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या शिकून आला होता; आणि इथे मात्र निःशस्त्र शेतकऱ्यांबरोबर चिखलात बसला. 'सेनापती' हे बिरुद त्यांना याच लढ्याने दिले. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव, शिवराम महादेव परांजपे अशी माणसे या लढ्यात उतरली, तुरुंगात गेली. गांधीजींनी 'यंग इंडिया'त लिहून टाटांना या दुबळ्या देशबांधवांच्या इच्छेचा मान राखण्याची विनंती केली. काम काही महिने थांबले. मग पुन्हा सुरू झाले. लढा तीन वर्षे रेंगाळला, आतून फुटत गेला. बापटांची वाटही अहिंसेपासून दूर गेली आणि १९२४ मध्ये त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ मध्ये धरण पूर्ण झाले आणि कड्याखाली भिरा येथील केंद्रातून वीज मुंबईकडे वाहू लागली.

"हरले," नातू म्हणाला.

"हरले."

"मग इथे वाट वळवता येईल," त्याचे डोळे चमकले. "समजा, १९२१ मध्ये टाटा मागे हटले असते तर?"

मी त्याला लगेच थांबवले नाही, कारण प्रश्न माझ्याही मनात अनेकदा येऊन गेला आहे. धरण झाले नसते तर आंबेमोहोराची ती खाचरे आज असती. मुळेचे सारे पाणी पूर्वेला वाहत पुण्याला आले असते, मुठेला भेटले असते, पुढे भीमेतून सोलापूरच्या कोरड्या मुलखाकडे गेले असते. आज त्यातले बरेच पाणी वीज करून कुंडलिका नदीतून अरबी समुद्राकडे जाते, आणि दुष्काळ पडला की त्यावर वाद होतो. पण धरण झाले नसते तर मुंबईवर गिरण्यांच्या कोळशाचा धूर अधिक वर्षे राहिला असता, त्या विजेवर उभे राहिलेले उद्योग उशिरा उभे राहिले असते, आणि ज्या मुंबईत आपल्या पिढ्यांनी पेढ्या थाटल्या तिचे दिवे मंद असते. त्या दिव्यांच्या उजेडात आमच्याही घराण्याच्या एका शाखेने वह्या लिहिल्या आहेत. तेव्हा हे सगळे कुणी एका बाजूने लिहून टाकले, तर तो हिशेब माझ्या सहीने बंद होणार नाही.

शिवाय एक टोचणारी गोष्ट मी त्याच्यापासून लपवली नाही. या खोऱ्यातील बरीच जमीन तेव्हा पुण्याच्या सावकारांच्या आणि जमीनदारांच्या नावावर होती. कसणारा मावळा कर्जात होता. सावकाराला मोबदल्याचा आकडा दिसत होता, कुळाला बांध दिसत होता. आंदोलन आतून फुटले त्याचे एक कारण हे. मोबदला ज्याला मिळाला तो गावात राहत नव्हता, आणि जो गावात राहत होता त्याला मिळाले ते फार थोडे. जात-धर्म बाजूला ठेवा. पैसे देणारा-घेणारा म्हणून त्या गोष्टीत आपल्यासारखी माणसे कोणत्या बाजूला बसली होती, हे व्यापाऱ्याने विसरू नये.

पत्नी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "रोज प्रतिक्रमणात आपण काय म्हणतो? अदत्तादान. न दिलेलं घेणं. तिथे असं कुठे म्हटलंय की पैसे टाकले की ते दिलेलं झालं?"

चाळीस वर्षे मी तो शब्द उच्चारत आलो आहे. त्याचा अर्थ मी वजनकाट्यापुरता, खोट्या मापापुरता धरला होता. दुकानात आम्ही एक नियम पाळतो. शेतकऱ्याने 'नाही' म्हटले की पोते उचलायचे नाही, भाव कितीही चढा देऊ केला असला तरी. सौद्याला दोन हात लागतात. एकाच हाताने झालेल्या व्यवहाराला बाजारात दुसरे नाव आहे. तिच्या वाक्याने तो नियम आणि तो शब्द एकत्र आणून ठेवले.

दुपारी दलाल भेटला. रस्त्यापासून थोडे वर, जांभळीच्या आणि फणसाच्या झाडांमागे तो तुकडा होता. जागा सुंदर होती, यात शंका नाही. खाली पाणी, मागे डोंगर, वाऱ्याला ओल्या मातीचा वास. सातबारा दाखवताना दलाल म्हणाला, "तीन भाऊ आहेत, तिघंही तयार आहेत. एका बहिणीचं नाव आहे, तिची सही मी आणून देतो. तुम्ही फक्त विसार द्या, शेठ. काळजी नको."

मुलाने धनादेश बाहेर काढला. आणि मागून नातवाचा आवाज आला, "त्यांना विचारलंय का?"

"कुणाला?" दलालाने विचारले.

"बहिणीला."

दलाल हसला. मुलगा थोडा ओशाळला. पण बहीण दूर नव्हती. तुकड्याच्या कडेला पत्र्याच्या छपराच्या घरासमोर सत्तरीची एक बाई नाचणी पाखडत बसली होती. आम्ही तिच्याकडे गेलो. तिने पाट दिला, पाणी विचारले. मी तिला जमिनीबद्दल विचारले.

"मला कुणी इचारलंच न्हाय, शेठ," ती म्हणाली. रागाने नाही, पाऊस अजून आला नाही म्हणावे तसे. मग तिने पाण्याकडे हात केला. "आमच्या आज्याचं गाव तितं खाली हाय. उन्हाळ्यात पानी लई उतरलं की बांध दिसत्यात. तवाबी त्याला कुणी इचारलं न्हवतं, असं माजी आई सांगायची. त्यो वर येऊन बसला तो ह्यो तुकडा."

"तुम्हाला विकायचा नाही का, मावशी?"

ती थोडा वेळ सुपाकडे पाहत राहिली. "इकायचा न्हाय असं न्हाय. भावांच्या पोरांना पैका पायजे, म्या काय घिऊन जानार? पर ती हीर माज्या बानं खनली. तितवर जायाची वाट आन् त्यो फणस तेवढा ठेवा म्हनलं असतं. इचारलं असतं तर म्हनलं असतं."

मी मुलाकडे पाहिले. त्याने धनादेश घडी करून खिशात ठेवला. दलालाला सांगितले की चौघे भावंडे एकत्र बसतील त्या दिवशी आम्हाला बोलवा. विहिरीची वाट आणि झाड सोडून जे उरेल त्यावर बोलू. आणि बहिणीने 'नाही' म्हटले तर आम्ही दुसरीकडे पाहू. दलाल नाराज झाला. "शेठ, अशानं जमिनी मिळत नाहीत," तो म्हणाला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते.

परत फिरताना नातू बराच वेळ लिहीत होता. पिरंगुटच्या अलीकडे त्याने वही माझ्याकडे दिली. त्याने धरण खोडले नव्हते. त्याऐवजी त्या पानाच्या आधी एक नवे पान चिकटवले होते. त्याच्या प्रजासत्ताकात १९७० पासून पाच वर्षे गावागावांत सभा होतात. बुडणाऱ्या अकरा गावांपैकी सात होकार देतात, चार देत नाहीत. भिंत ठरल्यापेक्षा कमी उंचीची बांधली जाते. वीज कमी मिळते, कर्जाचे हप्ते लांबतात, निर्यातीचा रकाना त्याला पुन्हा लिहावा लागतो. "नुकसान झालं थोडं," तो म्हणाला. "पण पहिलं कलम शिल्लक राहिलं."

तेव्हा मला माझ्या जुन्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यासारखे वाटले. मुळशीचा दुसरा इतिहास धरण असण्याचा किंवा नसण्याचा नाहीच. १९२१ मध्ये कुणीतरी या डोंगरात येऊन खरोखर विचारले असते, आणि 'नाही' हे उत्तर ऐकून घ्यायची तयारी ठेवली असती, तर काय झाले असते, असा तो आहे. कदाचित भिंत बुटकी झाली असती. कदाचित मावळ्यांनी काही अटींवर होकार दिला असता. गावे एकत्र, एका ठिकाणी, पाण्याच्या काठी वसली असती. पुढे स्वतंत्र देशाने कोयनेला धरण बांधले, तेव्हा विस्थापितांना कसे वागवायचे याचा एक चांगला धडा तयार असता. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ मध्ये झाला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची असेल तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची संमती हवी, ही अट देशाच्या कायद्यात आली ती २०१३ मध्ये. रामनवमीच्या त्या सकाळी मावळे जे मागत होते, ते कागदावर उतरायला ९२ वर्षे लागली. आणि कागदावर उतरलेले जमिनीवर कितपत उतरते, ते नाचणी पाखडणाऱ्या त्या बाईला विचारावे.

सूर्यास्ताला अजून अवकाश होता. पौडच्या अलीकडे एका वडाखाली थांबून आम्ही डबे उघडले होते, त्यामुळे घरी पोहोचण्याची घाई नव्हती. पुण्यात शिरताना आम्ही मुळेच्या पुलावरून मुद्दाम आलो. पाणी थोडेच होते. नातवाने काच खाली करून विचारले, "दादाजी, ही तीच नदी?"

"तीच," मी म्हणालो. "अर्धी."

या गोष्टीला आता काही महिने झाले. दलालाचा निरोप दिवाळीच्या आधी आला की भावंडे एकदा बसली, बहीण वाट आणि फणस यांवर ठाम आहे, आणि धाकट्या भावाला ते पटत नाही. पुन्हा बसणार आहेत. व्यवहार होईल किंवा न होईल. आमच्या वहीत तो सौदा अजून कच्च्याच खात्यात आहे, आणि नातवाने त्याच्या देशाच्या राज्यघटनेची एक प्रत माझ्या गादीमागच्या भिंतीवर चिकटवून ठेवली आहे. भाव बोलण्याआधी माझी नजर तिच्याकडे जाते.